प्रेशर वॉशरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकत होता: माझा अनुभव

गन सोडली की सेफ्टी व्हॉल्व्हमधून (जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप) पाणी ठिबकायचं, दाबली तर धार मवाळ. आम्ही रावेरकडचे, केळीची ट्रॉली धुवायला बोअरचंच क्षाराचं पाणी.

नोझल बदललं, इनलेटची जाळी धुतली. मग व्हॉल्व्हचा नट अर्धा फेरा आवळला. ही घोडचूक! स्प्रिंग दाबली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, होज फुटू शकतो. दोन रविवार गेले, डोकं पार फिरलं.

शेवटी जमलं ते असं. मोटर बंद, प्लग बाहेर, नळ बंद, ट्रिगर दाबून उरलेलं प्रेशर सोडलं. नट कंपनीच्या रंगखुणेवर परत आणला, मग फेरे मोजत उघडला. आत गोळी बसते त्या सीटवर क्षाराचा पांढरा थर, ओ-रिंगला (गळती रोखणारी रबरी कडी) चीर. गोळी, स्प्रिंग, सीट अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून मऊ कापडाने पुसली. सीटला पॉलिश पेपर लावायचा नाही, चरा पडला की गळती कायमची. त्याच मापाची नायट्रिल रबराची ओ-रिंग सिलिकॉन ग्रीस लावून बसवली, तेवढेच फेरे आवळले. आधी नळ सोडून ट्रिगर दाबला, हवा निघून अखंड धार आल्यावरच मोटर चालू केली.

गन सोडून पाहिली: व्हॉल्व्ह कोरडा.