स्पॅनिश शिकायला उन्हाळ्यात स्पेनला निघालात? निदान या चुका तरी करू नका

मार्च उजाडला की मला ठरलेले मेसेज यायला लागतात. "मॅम, जुलैमध्ये सालामांकाला चार आठवड्यांचा इमर्शन कोर्स करतोय, परत येईपर्यंत फ्लुएंट होईन ना?" (इमर्शन म्हणजे दिवसभर त्याच भाषेत बुडून शिकणं.) नाही होणार. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी संस्था त्यांच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, ती स्पॅनिश सोप्या गटात टाकते आणि तरीही कामकाजापुरती नीट यायला ६०० ते ७५० तास धरते, तेही इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला. तुमचा कोर्स आठवड्याला २० तासांचा, म्हणजे चार आठवड्यांचे झाले ८०. करा गणित. बरं, फी भरता ती या वीस तासांची, पण तिकीट काढून जाता ते उरलेल्या जागेपणीच्या नव्वदेक तासांसाठी, आणि नेमके तेच तास लोक मराठीत, इंग्रजीत नाहीतर फोनमध्ये घालवतात. माझी सगळी चिडचिड तिथेच आहे.

आपली गँग घेऊन जाणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा लांबण लागेल.

माझ्याच बॅचच्या तिघीजणी, हुशार, ए२ व्यवस्थित झालेलं (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१ अशा खालून वर जातात). मी सांगत होते की वेगवेगळ्या घरांत होमस्टे घ्या, म्हणजे तिथल्या कुटुंबात राहा, एकमेकींना फक्त रविवारी भेटा. पण नाही, होमस्टे महाग पडतो, स्वयंपाकाचं कसं होणार, रात्री एकटं वाटेल, असं सगळं म्हणत तिघींनी मिळून फ्लॅट घेतला. छोटा कुकर नेला, गोडा मसाला नेला, मॅगी नेली. सकाळी चार तास क्लास, मग घरी येऊन वरणभात, मग झोप, मग संध्याकाळी प्लाथा मायोरमध्ये, म्हणजे गावच्या मुख्य चौकात, फोटो आणि रात्री लॅपटॉपवर हिंदी सिरीज. त्यांचं स्टेटस बघून मला वाटायचं काय मस्त चाललंय.

शेवटच्या आठवड्यात रात्री एक वाजता माझा फोन वाजला. पोहून आलेल्या एकीचा कान ठणकत होता, तिघी ड्युटीवरच्या फार्मसीत उभ्या होत्या (तिथे रात्री पाळीपाळीने एखादी फार्मसी उघडी असते, बाकी बंद), आणि फार्मासिस्ट बाई काय विचारतायत ते एकीलाही कळत नव्हतं. फोन स्पीकरवर. मी पुण्यात अंथरुणात बसून त्या बाईंना सांगतेय की हिचा कान दुखतोय, कालपासून दुखतोय, ताप नाही, अ‍ॅलर्जी नाही. आता "मे दुएले एल ओईदो", माझा कान दुखतोय, हे वाक्य मी त्यांना जानेवारीत शिकवलेलं, वहीत होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण जवळजवळ महिनाभर स्पेनमध्ये राहून एकदाही कुणाला आपलं काही दुखतंय, हरवलंय, हवंय हे सांगायची वेळच त्यांनी स्वतःवर येऊ दिली नव्हती. बाई मात्र शांत होत्या हो, हळू बोलल्या, थेंब दिले.

अमेरिकेत व्हरमाँटच्या मिडलबरी कॉलेजात १९१५ पासून उन्हाळी भाषा शाळा चालतात, तिथे विद्यार्थ्यांकडून लिहून घेतात की कोर्स संपेपर्यंत मी फक्त शिकतोय त्याच भाषेत बोलेन. लोकांना ते अघोरी वाटतं. मला वाटतं तेवढंच खरं इमर्शन, बाकी सगळं परदेशातलं ट्यूशन. मैत्रिणींबरोबरच जायचं असेल तर आपसातही स्पॅनिशच, मोडकं तर मोडकं, आणि जी मराठीत घसरेल तिने सगळ्यांना कॉफी पाजायची. माझ्या एका बॅचने हे खरोखर केलं होतं, त्यात एक मुलगा कॉफी पाजून पाजून कंगाल झाला पण भाषा सगळ्यात चांगली त्याचीच सुटली.

आणि होमस्टे घेतला म्हणजे झालं असंही नाही. दुपारचं जेवण तिथे अडीचच्या सुमारास, आणि खरा क्लास सुरू होतो तो जेवण झाल्यावर, टेबलावरून कुणी उठत नाही, नुसत्या गप्पा, त्याला सोब्रेमेसा म्हणतात. पण अडीच म्हणजे आपल्याकडचे सहा. आईचा चहा झालेला असतो, ती बरोबर तेव्हाच व्हिडिओ कॉल लावते आणि आपलं लेकरू ताट उचलून खोलीत पळतं. रोज. आईशी सकाळी क्लासला निघताना बोला, साडेआठला, घरी दुपारचे बारा असतात. तेवढं एक बदललं तरी रोजचा तासभर फुकटचा क्लास मिळतो.

प्लेसमेंट टेस्टमध्ये शहाणपणा

कोर्सच्या आधी ऑनलाइन टेस्ट येते, त्यावरून ग्रुप ठरतो. ती टेस्ट ट्रान्सलेटर उघडून सोडवणारे लोक मला खरंच कळत नाहीत. कुणाला फसवताय? ठाण्याचा एक इंजिनिअर, अ‍ॅपवर रोज न चुकता सराव करणारा, त्याने असं करून बी१ मिळवलं. सोमवारी तोंडी दोन प्रश्न विचारले, नाव काय, काय करतोस, ते पाठच होतं, धडाधड बोलला. गेला ग्रुपमध्ये. तिथे दोन इटालियन (त्यांना अर्धी स्पॅनिश जन्मतःच कळते), एक जर्मन, एक कोरियन मुलगी, आणि सब्जंक्टिव्ह (इच्छा, शंका सांगणारी क्रियापदाची अवघड रूपं) चालू. हा आठवडाभर "सी, सी" करत मान हलवत बसला. शुक्रवारी ऑफिसात जाऊन ग्रुप बदलून मागितला तर जुलैची गर्दी, ए२ भरलेला. पुढच्या आठवड्याच्या मध्यावर कुठे जागा मिळाली. मला मेसेज काय, तर "मॅम, टीचर इंग्रजीत समजावतच नाहीत." अरे बाबा, त्यासाठीच तर गेलायस ना.

माझं सांगणं सरळ आहे. टेस्ट फोन लांब ठेवून द्या, येत नाही ते कोरं सोडा. दोन लेव्हलच्या मध्ये असाल तर खालची मागा, खालच्या ग्रुपमध्ये तुमचं तोंड उघडतं आणि तोंड उघडणं हेच तर विकत घ्यायचंय. ग्रुप जमत नाही असं वाटलं तर मंगळवारी सांगा, शुक्रवारी नाही.

उलट टोकाचेही असतात, "होला" आणि "ग्रासियास" एवढ्यावर विमानात बसणारे. आकडे, वार, रंग, वर्तमानकाळ हे युरो मोजून शिकायचं? पुण्यात, ठाण्यात, घरबसल्या ऑनलाइन, कुठेही ए१ होतं. ते करा, जमलं तर ए२ पण करा, मग जा. शून्यातून गेलेल्याला पहिले दोन आठवडे दुकानदार काय म्हणतोय तेही कळत नाही, मग तो घाबरून इंग्रजीत शिरतो आणि पुन्हा बाहेर येत नाही.

इंग्रजीवरून वळसा घालून स्पॅनिश

हे आपल्या लोकांचं विचित्रच. घरात त, द, प, क सगळं स्वच्छ आहे, स्पॅनिशला अगदी तेच लागतं, आणि आपण इंग्रजी वळणाने "टोर्टिला" म्हणतो. तोर्तिया म्हणा की! तसंच "मे गुस्ता", म्हणजे मला आवडतं. इंग्रजीतून गेलात की "यो गुस्तो" होणार आणि टीचर दहा वेळा सुधारणार. मराठीतून गेलात तर काहीच शिकायचं नाही, मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात, क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलतं, स्पॅनिशमध्येही डिट्टो. आणि प्रत्येक वाक्याला "यो", म्हणजे मी, लावू नका, आपण "येतो हं" म्हणताना "मी" लावतो का? क्रियापदातच कळतं.

फक्त एका ठिकाणी मराठी आड येते. होमस्टेच्या सेन्योराला, म्हणजे घरमालकिणीला, आदराने "उस्तेद, उस्तेद" (आपलं "तुम्ही") करत राहतात, काकूंना अगं कसं म्हणायचं म्हणून. स्पेनमध्ये घरात "तू" च चालतं, त्या स्वतःच सांगतील, ऐका. हां, कोलंबियात वगैरे गेलात तर उस्तेद बरंच जास्त ऐकू येतं, आणि ग्वाटेमालात अंतिग्वाला वन-टू-वन कोर्ससाठी जाणाऱ्यांनी (अमेरिकेतली आपली बरीच मंडळी स्पेनपेक्षा जवळ म्हणून तिकडे वळतात) "वोस" ची ("तू" साठीचाच तिकडचा शब्द) तयारी ठेवा.

खाणं

"सिन कार्ने", बिनमांसाचं, म्हणालात की मांस नसलेलं मिळतं असं समजू नका. सॅलडवर ट्यूना येतो, मसूरच्या आमटीत चोरिथो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो, क्रोकेतास नावाच्या तळलेल्या गोळ्यांमध्ये हामोन (डुकराचं खारवलेलं मांस) असतं, आणि वेटर प्रामाणिकपणे म्हणतो की यात मांस नाहीये. सगळं मोजून सांगा: नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, म्हणजे मांस नको, मासे नको, हामोन नको. होमस्टेला घर ठरायच्या आधी कळवा, पोचल्यावर नाही. अंडंही चालत नसेल तर बटाट्याची तोर्तियाही (स्पेनमध्ये ते ऑम्लेट असतं) गेली, मग सरळ स्वयंपाकघर असलेलं रेसिडेन्स घ्या, कुठल्या सेन्योराचा छळ करू नका.

गावात माणसं शोधायची कुठे

सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं, गाव एरवी विद्यार्थ्यांनी भरलेलं, पण जुलैमध्ये तिथली मुलं आपापल्या घरी जातात आणि उरतात ते तुमच्यासारखे परदेशी. म्हणून "लोकल फ्रेंड्स मिळाले नाहीत" ही तक्रार दरवर्षी. तुमच्या वयाचे नसतील, पण प्लाथा मायोरच्या बाकांवर संध्याकाळी जे आजीआजोबा बसतात त्यांना वेळही असतो आणि उत्सुकताही. प्लाथाला लागूनच मेर्कादो सेंत्राल, म्हणजे मंडई, आहे, रोज एकाच फळवाल्याकडे जा, तिसऱ्या दिवशी तोच बोलायला लागतो. मी कुठेही गेले तरी पहिल्या आठवड्यात केस कापून घेते, खुर्चीत बसल्यावर पळता येत नाही. खायला प्लाथातल्या टुरिस्टी टेबलांपेक्षा वान दाइक रस्त्यावर पिंचोस, म्हणजे बारमधले छोटे छोटे पदार्थ, खायला जा, काउंटरला उभं राहून ऑर्डर द्यायची, फोनचा ट्रान्सलेटर खिशात. तो ट्रान्सलेटर कॅमेऱ्याने मेन्यू वाचून देतो ना, त्याने जेवण मिळतं, भाषा नाही.

वीकेंडला बार्सिलोना, पुढच्या वीकेंडला लिस्बन, हा प्रकार चार आठवड्यांच्या कोर्समध्ये एकदाच ठीक. सोमवारी क्लासमध्ये झोपणारे सगळे यातलेच.

कागदपत्रं, थोडक्यात

९० दिवसांपर्यंत शेंगेन व्हिसा चालतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधीपर्यंत करावाच लागतो, पण मे महिन्यात अपॉइंटमेंट शोधणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. कोर्सच्या शेवटी मिळतं ते हजेरीचं सर्टिफिकेट, ते नोकरीच्या फॉर्मवर डेले म्हणून लिहू नका, डेले ही इन्स्तितूतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची स्पॅनिशची वेगळी परीक्षा आहे आणि ती द्यावी लागते.

ऑगस्टचा कोर्स घेतलात तर अर्धी दुकानं सुट्टीवर गेलेली असतील. रविवारीही बरंचसं बंद. आणि १५ ऑगस्टला तिथेही राष्ट्रीय सुट्टी असते, आदल्या दिवशीच दूध-ब्रेड आणून ठेवा.