कंपनीचे मेल स्पॅममध्ये जातायत? आधी डीएनएस बघा

सर्व्हर बदलला की चार दिवसांत फोन येतोच, आमची कोटेशनं समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतायत म्हणून, आणि सगळे सर्व्हरला शिव्या घालतात पण गडबड बहुतेक वेळा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी (रेकॉर्ड) असतात तिथे, असते.

आधी स्वतःच्या जीमेलवर एक मेल टाका, उघडून तीन टिंबांमधून ‘शो ओरिजिनल’ करा. एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम), तिन्हींपुढे पास हवं.

एसपीएफचा रेकॉर्ड डोमेनला एकच असतो. मागे एका क्लायंटकडे दोन निघाले, जुन्या होस्टिंगचा कुणी काढलाच नव्हता आणि नवा वर चिकटवला, त्यामुळे दोन्ही असून नसल्यासारखे. मी एकात मर्ज केले, बिलिंग सॉफ्टवेअरचा सर्व्हरही त्यातच घातला (हा हमखास विसरला जातो बरं का!), फक्त लुकअप (हा रेकॉर्ड तपासताना डीएनएसला कराव्या लागणाऱ्या विचारणा) 10 च्या वर जाऊ देऊ नका.

डीकेआयएमची की 2048 बिटची घ्या, कॉपी करताना शेवट तुटत नाही ना बघा, आणि पॅनेलमध्ये सायनिंग चालू करा, नुसता रेकॉर्ड टाकून काही होत नाही.

डीमार्क सुरुवातीला ‘नन’वरच (काही अडवू नका) ठेवा, दोनेक आठवडे रिपोर्ट वाचा, मग क्वारंटाईन (स्पॅममध्ये टाका), मग रिजेक्ट (घेऊच नका). थेट रिजेक्ट केलंत तर अकाउंट्सची बिलंच परत येतील.

स्वतःचा सर्व्हर असेल तर प्रोव्हायडरकडून पीटीआर रेकॉर्ड (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारा) लावून घ्या. स्टाफच्या आउटलुकला पोर्ट 587 किंवा 465 द्या, 25 सर्व्हर-सर्व्हरमधला.