वहीने फवारणीला घातलेला आळा
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या कोरडवाहू कपाशीचा खर्च कमी करण्याचा संकल्प मी दरवर्षी मृग लागताच करीत असे आणि शेजारच्या धुऱ्यापलीकडे फवारणीचा पंप सुरू झालेला दिसताच मोडीत असे. गेल्या हंगामात मी शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर एकच ध्येय लिहिले: मोजल्याशिवाय फवारणी करायची नाही. बोंडे पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने या अळीच्या नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, लावले आणि अडकलेल्या पतंगांचा आकडा रोज तारखेसह नोंदवू लागलो. सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आढळले तरच फवारायचे, ही मर्यादा समासात लिहिली. मध्येच आठवडाभर वही कोरी राहिली, याचे मला फार वाईट वाटले. मग ती गोठ्यातील खुंटीला टांगली, कारण सकाळी माझे पहिले पाऊल तिथेच पडते. त्यानंतर नोंद चुकली नाही आणि दोन फवारण्या वाचल्या.