युरिया थांबवला, आता मातीतल्या जिवांना खायला काय?

सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्याला मी आधी हेच सांगतो: युरिया बंद करणं हे अर्धंच काम. मातीतले जिवाणू आणि बुरशी कर्बावर, म्हणजे काडीकचरा आणि शेणखतातल्या कार्बनवर जगतात. रानात कुजायला काही पडलंच नाही, तर रसायनं थांबवूनही त्यांची उपासमार चालूच राहते.

नुसतं काड गाडलं, की पहिल्याच हंगामात पीक पिवळं पडतं आणि बरेच जण तिथेच कच खातात. गव्हाच्या काडात एक भाग नत्रामागे (नायट्रोजन) साधारण 80 भाग कर्ब असतो. जिवाणूंना हवं असतं एकास 24च्या आसपास. कमी पडलेलं नत्र ते मातीतून ओढून घेतात आणि पीक उपाशी राहतं. म्हणून नुसतं काड गाडू नका. पूर्ण कुजलेलं शेणखत सोबत द्या, किंवा कडधान्याचं हिरवळीचं खत फुलावर येताना मातीत मिसळा. काड वर आच्छादन म्हणून राहिलं, तर हा त्रास फारसा होत नाही.

मायकोरायझा बुरशी मुळांकडून साखर घेते आणि मुळं पोचत नाहीत तिथलं स्फुरद (फॉस्फरस) आणून देते. पण मातीत स्फुरद मुबलक असेल, तर पीक तिला थारा देत नाही. तेव्हा आधी माती तपासा. स्फुरद जास्त निघालं तर शेणखतालाही हात आखडता घ्या. नांगरट कमी करा, बुरशीचे धागे तुटतात. मोहरी-कोबीच्या मुळांत ती सहसा वस्तीच करत नाही, म्हणून त्यांच्यामागून कडधान्य किंवा तृणधान्य घ्या.

स्वित्झर्लंडमध्ये थेरविल इथे 1978पासून सेंद्रिय आणि रासायनिक शेतीची तुलना चालू आहे. 21 वर्षांच्या नोंदींत सेंद्रिय वाफ्यांत या बुरशीने व्यापलेली मुळांची लांबी 40 टक्के जास्त निघाली. उत्पादन मात्र सरासरी 20 टक्के कमी. दोन्ही आकडे समोर ठेवून निर्णय घ्या.

बाटलीतल्या जिवाणूंवर पैसे घाला, असं मी सांगणार नाही. अपवाद रायझोबियमचा, म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचा, तोही त्या रानात ते कडधान्य पूर्वी घेतलं नसेल तर. फुलोऱ्याच्या सुमारास कडधान्याचं एक रोप मातीसकट कुदळीने उचला. उपटलंत तर गाठी मातीतच राहतात. मुळं धुवा, मोठी गाठ नखाने चिरा. आतून लालसर गुलाबी असेल तर नत्र बांधलं जातंय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

आणि बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं बुरशीनाशक, जपून वापरा. सेंद्रियमध्ये ते बऱ्याच ठिकाणी मर्यादेत चालतं, पण तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळांना बाधतं. दर फवारणीला किती गेलं, याची वही ठेवा.