क्ले बार: गाडीच्या रंगाला ओरखडे न पडू देता कसा वापरावा

धुतलेली गाडी कोरडी करा आणि बॉनेटवरून बोटांची टोकं हलकेच फिरवा. रंग काचेसारखा गुळगुळीत लागायला हवा. बारीक खरखर लागली, तर शाम्पूने न निघणारं काहीतरी रंगाला चिकटून बसलं आहे. बोटांना नीट कळत नसेल तर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून तोच हात पुन्हा फिरवा. पिशवीतून एकेक कण रव्यासारखा टोचतो. टप, बॉनेट, डिकी हे आडवे भाग आणि चाकांच्या मागची पट्टी इथे ही खरखर जास्त सापडते.

पिशवीतूनही काही लागलं नाही, तर त्या भागाला क्ले लावूच नका. गरज नसताना केलेलं क्ले म्हणजे फुकटची झीज.

क्ले बार ही कृत्रिम रेझिनची मऊ, चिकट, कणकेसारखी मळता येणारी वडी असते आणि तिच्यात अतिशय बारीक घासणारे कण मिसळलेले असतात. रंगातून वर डोकावणारा कण ती पकडते, ओढून काढते आणि स्वतःत दाबून ठेवते. ब्रेक पॅडची लोखंडी भुकटी, रेल्वेमार्गाजवळ उडणारी लोखंडाची धूळ, शेजारच्या इमारतीला रंग देताना गाडीवर आलेले तुषार, आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा, डांबराचे उरलेसुरले ठिपके हे सगळं तिने निघतं. पांढऱ्या गाडीवर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी-तपकिरी ठिपके दिसतात, त्यांना बरेच जण पत्रा गंजल्याची खूण समजतात. बहुतेक वेळा ते बाहेरून येऊन रुतलेले आणि तिथेच गंजलेले लोखंडाचे कण असतात.

उन्हात दिसणारी बारीक चऱ्यांची गोल जाळी, किल्लीचे चरे, पक्ष्यांच्या विष्ठेने किंवा बोअरच्या पाण्याने रंगात कोरलेले डाग यांवर क्ले चालत नाही. तिथे पॉलिश लागतं. सिमेंटचे वाळलेले थेंबही क्लेने काढायला जाऊ नका. त्यातली वाळू क्लेखाली सापडली की रंगावर लांबच लांब ओरखडा उठतो.

हल्लीच्या गाड्यांवर सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस बहुधा याहून जाड भरतो. म्हणून क्ले वर्षातून एकदा, फार तर दोनदा. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी केलेलं बरं, पण ऑक्टोबरचं ऊन चढायच्या आत, सकाळी.

मॅट रंगावर क्ले करू नका, तो जागोजागी चकाकायला लागतो आणि ते परत सुधारत नाही. पापुद्रे सुटलेल्या क्लिअर कोटवर आणि पारदर्शक फिल्म लावलेल्या भागांवरही नको. गॅरेजमध्ये नुकताच रंगवलेला दरवाजा किंवा बंपर असेल तर किमान महिनाभर थांबा, रंग आतून पुरता सुकलेला नसतो. सिरॅमिक कोटिंग असेल तर क्लेने तेही झिजतं, हे धरून चला.

काय काय लागेल

क्ले फाइन प्रतीचा घ्या. मीडियम आणि हेवी प्रती पॉलिशिंग मशीन हाताशी असलेल्यांसाठी आहेत, कारण त्यांनी रंग धुरकट होतो आणि नंतर पॉलिश करावंच लागतं. वडीच्या रंगावरून प्रत ठरवू नका. एका कंपनीचा निळा फाइन असतो म्हणून दुसरीचाही असेल असं नाही, पाकिटावरचं वाचा. लहान हॅचबॅकला ५० ग्रॅम पुरतो, मोठ्या एसयूव्हीला १०० ग्रॅम जवळ असू द्या.

क्लेइतकंच महत्त्वाचं आहे ते वंगण, म्हणजे रंग आणि क्ले यांच्यामध्ये राहणारा ओला निसरडा थर. क्ले बारसाठीचं तयार ल्युब (वंगण) किंवा क्विक डिटेलर (धुतलेल्या गाडीवर फवारून पुसायचा द्रव) चांगलं. एका हॅचबॅकला ५०० ते ७५० मिली सहज लागतं, तिथे काटकसर करू नका. तयार ल्युब नसेल तर वॅक्स नसलेला साधा कार शाम्पू १ लिटर पाण्यात साधारण १० मिली मिसळून स्प्रे बाटलीत भरा. शक्यतो फिल्टरचं पाणी घ्या, क्षाराच्या पाण्याचे डाग पडतात. काही क्ले शाम्पूच्या पाण्यात विरघळतात. चण्याएवढा तुकडा त्या पाण्यात १० मिनिटं ठेवून पाहा, बुळबुळीत झाला तर तो शाम्पू चालणार नाही. नुसतं पाणी पुरेसं निसरडं नसतं. भांड्यांचा साबण तर नकोच.

याशिवाय चार-पाच स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, दोन बादल्या, हातमोजे आणि शेवटी लावायला वॅक्स किंवा सीलंट (रंगावर संरक्षक थर देणारा कृत्रिम लेप).

आधी धुणं

क्लेने ओरखडे पडतात त्यातले बरेचसे खरं तर अपुऱ्या धुण्याचे असतात. सोसायटीत रोज सकाळी एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात फडकं बुडवून दहा गाड्या पुसल्या जातात. त्यावर भरवसा ठेवून क्ले सुरू करू नका. पाण्याच्या फवाऱ्याने सुटी धूळ आधी वाहून जाऊ द्या. मग एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी ठेवून धुवा. कापड दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं.

खालच्या भागातले डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढा. कापडावर घेऊन ठिपक्यावर एक-दोन मिनिटं टेकवून धरा, मऊ झाला की पुसा. पेट्रोल वापरू नका: आगीचा धोका तर आहेच, शिवाय रंग आणि प्लास्टिकची कड खराब होऊ शकते. लोखंडाचे कण बरेच असतील तर आयर्न रिमूव्हर फवारा. कण आहे तिथे तो जांभळा होऊन ओघळतो. तीन ते पाच मिनिटांत, वाळायच्या आत, भरपूर पाण्याने धुऊन टाका. वास उग्र असतो, त्यामुळे हातमोजे घालून उघड्यावरच काम करा. हे दोन्ही उपाय आधी केले की क्लेला काम कमी उरतं, आणि कमी घासणं म्हणजे कमी धोका.

क्ले फिरवताना

गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागायला हवा. तापलेल्या पत्र्यावर ल्युब क्षणात वाळतं आणि क्ले चिकटून बसतो.

१. वडीचे दोन-तीन तुकडे करा. अख्खी वडी एकदम वापरली आणि ती खाली पडली तर सगळीच वाया जाते. एक तुकडा हातात मऊ होईपर्यंत मळा. थंडीत कडक वाटला तर कोमट पाण्यात मिनिटभर बुडवा. मग थापून तीन-चार बोटांखाली मावेल अशी चपटी टिक्की करा.

२. एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या. बॉनेटचे चार भाग धरा. त्या भागावर आणि क्लेच्या खालच्या बाजूवरही ल्युब फवारा. पृष्ठभाग नुसता दमट नको, ओला दिसायला हवा.

३. टिक्की बोटांच्या पेरांखाली सपाट धरा आणि सरळ रेषेत मागे-पुढे फिरवा. गोल फिरवू नका. चुकून चरा पडलाच तर सरळ चरा गोल चऱ्यापेक्षा कमी दिसतो. दाब जवळजवळ नकोच. क्ले निसटू नये इतकंच धरायचं.

४. कान आणि बोटं जागी ठेवा. सुरुवातीला क्ले किंचित अडखळतो, खस्स असा बारीक आवाज येतो. सहा-आठ फेऱ्यांत आवाज बंद होतो आणि क्ले अलगद घसरायला लागतो. तो भाग झाला. पुढे एकही फेरी मारायची गरज नाही. उलट अडखळणं अचानक वाढलं, तर ल्युब वाळतंय. थांबा, फवारा, मग पुढे जा.

५. प्रत्येक भागानंतर टिक्की उलटून पाहा. करड्या-तपकिरी रेघा दिसतील. मळकी बाजू आत दुमडून, पुन्हा मळून, स्वच्छ बाजू वर आणा. दुमडूनही सगळीकडे मळकाच दिसू लागला की तुकडा बदला.

६. भाग पुसून घ्या, पिशवीने तपासा, मगच पुढचा घ्या. टपापासून सुरुवात करून खाली या. बंपर आणि दाराच्या खालची पट्टी सगळ्यात शेवटी, त्यासाठी जुना तुकडा वापरा आणि तो परत वर नेऊ नका.

हॅचबॅकला दीड-दोन तास लागतात. घाई झाली की दाब वाढतो.

क्ले जमिनीवर पडला तर फेकून द्या. धुऊन, वरचा थर खरवडून वापरता येईल असं वाटतं, पण आत शिरलेली एक वाळूची कणी पूर्ण दरवाज्यावर रेघ ओढायला पुरेशी आहे. हा नियम मोडूच नका.

बिघडलं तर

रंगावर क्लेचाच चिकट पट्टा उमटला, तर ल्युब कमी पडलं किंवा पत्रा गरम होता. नखाने खरवडू नका. त्यावर ल्युब फवारून अर्धा मिनिट थांबा आणि मायक्रोफायबरने पुसा.

काळ्या, गडद निळ्या गाड्यांवर क्लेनंतर तिरप्या उजेडात हलका धुरकटपणा दिसतो. हाताने लावायच्या बारीक पॉलिशने तो बहुधा जातो. आधी टेलगेटच्या खालच्या कोपऱ्यात एक वीतभर जागा करून पाहिलीत, तर पूर्ण गाडीवर काय दिसणार ते आधीच कळेल. गाडीचाच रंग क्लेवर उतरत असेल, तर त्या रंगावर क्लिअर कोट नाही किंवा तो झिजून गेला आहे. असं दिसलं की थांबा आणि रंगाच्या जाणकाराला दाखवा.

नंतर

गाडी पुन्हा शाम्पूने धुवून कोरडी करा. क्लेबरोबर जुनं वॅक्सही निघून जातं, रंग उघडा पडतो. त्यामुळे त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावा. पॉलिश करायचं असेल तर ते क्लेनंतर आणि वॅक्सच्या आधी.

उरलेला स्वच्छ क्ले थोडं ल्युब फवारून हवाबंद डबीत ठेवा. गाडीच्या कप्प्यात ठेवू नका, उन्हात वितळून चिकट होतो. वाळून तडकला तर टाकून द्या. रंगावरून निवृत्त झालेला पण जमिनीवर न पडलेला तुकडा काचेसाठी वेगळा ठेवा. समोरच्या काचेवर भरपूर ल्युब घेऊन तो फिरवला, की वायपरची थरथर बऱ्याचदा कमी होते.