सॉफ्टबॉक्स घ्यावा की छत्री? दहा बाय बाराच्या खोलीत लाइट मॉडिफायरची तुलना कशी करावी

फोर्टच्या बोरा बझारात जाऊन सॉफ्टबॉक्स, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी, मागितला की काउंटरवरचा माणूस दोन गोष्टी विचारतो: माउंट (फ्लॅशला जोडायची रिंग) कुठलं आणि साइज काय. खोली केवढी आहे, हे कोणी विचारत नाही. मुंबईत मात्र निम्मा निकाल खोलीच लावते. यूट्यूबवरच्या बहुतेक तुलना उंच छताच्या मोठ्या स्टुडिओत केलेल्या असतात. आपल्याकडे नऊ-साडेनऊ फुटांवर पांढरं छत, तिन्ही बाजूंना क्रीम रंगाच्या भिंती आणि डोक्यावर पंखा. तिथे फ्लॅशला लावलेली जी छत्री सुंदर दिसली, ती इथे सपाट प्रकाश देते. त्यामुळे पैसे घालण्याआधी एक दुपार काढून आपल्याच खोलीत तुलना करावी.

तुलनेसाठी सगळं विकत घ्यायची गरज नाही. अंधेरी, गोरेगाव भागात कॅमेऱ्याचं सामान दिवसाच्या भाड्यानं मिळतं, मॉडिफायर, म्हणजे प्रकाश बदलायला फ्लॅशवर लावायचे सॉफ्टबॉक्स-छत्र्या, तेही मिळतात. आपल्या फ्लॅशचं माउंट तेवढं आधी सांगा. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद पडली, पण तिचं एस माउंट गोडॉक्ससकट अनेक फ्लॅशवर चालू आहे. प्रोफोटो आणि एलिन्क्रोमची माउंटं वेगळी, त्यांना अडॅप्टर लागतो. याशिवाय एक फ्लॅश, एक दणकट स्टँड, शिंप्याची टेप, ग्रे कार्ड (उजेड मोजायचं करडं कार्ड), चिकटपट्टी आणि वही पुरे. स्टँडच्या पायावर वजन हवंच. सँडबॅग नसेल तर पाच किलो तांदळाची पिशवी चालते.

पायरी १: आधी खोलीची परीक्षा

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा: आयएसओ १००, शटर १/१२५, अ‍ॅपर्चर एफ ८. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, ५५०० केल्विनवर पक्का करा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घ्या. आता फ्लॅश न उडवता एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. काही दिसत असेल तर पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा.

मग फ्लॅशला साधा सात इंची रिफ्लेक्टर (धातूची वाटी) लावून एका बाजूनं चेहऱ्यावर प्रकाश टाका आणि दुसऱ्या बाजूच्या गालाकडे नीट बघा. तिथे जो उजेड आहे तो खोलीनं परत पाठवलेला आहे. एखाद्या भिंतीला हौसेनं मोरपंखी रंग लावला असेल, तर त्या गालावर मोरपंखी झाक दिसेल आणि ती एडिटिंगमध्ये काढताना नाकी नऊ येतील. त्याच बाजूला दोन-अडीच फुटांवर काळं कापड टांगून पुन्हा फोटो घ्या. मंगलदास मार्केटमधून घेतलेलं चार मीटर जाड काळं कापड या कामाला पुरतं. फक्त चकाकणारं सॅटिन घेऊ नका. दोन फोटोंत जितका फरक जास्त, तितकी तुमची खोली तुलनेत लुडबूड करणार हे समजा.

पायरी २: जागा पक्क्या करा

बसायला स्टूल, त्याच्या मागे भिंत किंवा पडदा तीन फुटांवर. लाइट चेहऱ्याच्या ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीच्या जरा वर. स्टूलचे आणि स्टँडचे पाय जमिनीवर चिकटपट्टीनं खुणावून ठेवा. अंतर फ्लॅशपासून न मोजता मॉडिफायरच्या पुढच्या कापडापासून नाकापर्यंत मोजा. खोल सॉफ्टबॉक्समध्ये या दोन मापांत फूट-दीड फुटाची तफावत पडते आणि तुलना तिथेच फसते.

मॉडेल म्हणून घरचंच कोणीतरी बसवा, पण खरा चेहरा हवा. पार्लरच्या डमीला ना घाम येतो, ना तिच्या नाकावर तेल चमकतं. चष्मा असलेलं आणि नसलेलं असे दोघे मिळाले तर उत्तम.

पायरी ३: उजेड सारखा, मगच तुलना

ही पायरी बहुतेकजण गाळतात. मॉडिफायर बदलला की चेहऱ्यावर पोचणारा प्रकाश बदलतो, आणि जो फोटो जास्त उजळ तोच डोळ्याला जास्त चांगला वाटतो. म्हणून प्रत्येक वेळी चेहऱ्यासमोर ग्रे कार्ड धरा आणि मीटरवर किंवा हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर) तीच पातळी येईपर्यंत फक्त फ्लॅशची पॉवर बदला. अ‍ॅपर्चर आणि आयएसओला हात लावू नका. किती पॉवर लागली ते वहीत लिहा. साध्या रिफ्लेक्टरला १/१६ पुरली आणि सॉफ्टबॉक्सला १/४ लागली, तर तो बॉक्स दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). कमी ताकदीचा फ्लॅश असलेल्याला हा आकडा फार कामाचा.

पायरी ४: एकामागून एक फोटो

क्रम असा ठेवा: सात इंची रिफ्लेक्टर, पांढरी आरपार छत्री, आतून चंदेरी छत्री, ६० बाय ९० चा सॉफ्टबॉक्स, ९० किंवा १२० सेंटिमीटरचा ऑक्टा (अष्टकोनी सॉफ्टबॉक्स), आणि मिळाली तर ब्यूटी डिश (धातूची उथळ थाळी). सॉफ्टबॉक्सचे तीन फोटो घ्या: फक्त बाहेरचं कापड, आतलं कापडही लावून, आणि वर ग्रिड (प्रकाश बाजूला पसरू न देणारी जाळी) चढवून. हा सगळा फेरा तीन फुटांवर झाला की सहा फुटांवर पुन्हा करा.

बॉक्स विकत घ्यायचा असेल तर आणखी एक गोष्ट करा. फ्लॅश सगळ्यात कमी पॉवरवर आणून एफ १६ वर बॉक्सच्या तोंडाचाच फोटो घ्या. मधोमध पांढराफटक गोळा आणि कडा करड्या दिसल्या, तर १२० सेंटिमीटरचे पैसे देऊन तुम्हाला ७०-८० चाच बॉक्स मिळतोय. आतलं कापड लावल्यावर गोळा पसरायला हवा. दुकानात कॅमेरा नसेल तर स्टीलची पळी समोर धरा. तिच्या फुगीर पाठीवर अख्खा बॉक्स उमटतो आणि कडेपर्यंत उजेड पोचतोय की नाही ते कळतं.

पायरी ५: फोटोत कुठे बघायचं

फोटो शेजारी-शेजारी लावून शंभर टक्क्यांवर बघा.

पहिल्यांदा नाकाची सावली. तिची कड सुरीनं कापल्यासारखी आहे की हळूहळू विरते? हे चेहऱ्याच्या जागेवरून लाइट केवढा दिसतो यावर ठरतं. तीन फुटांवरचा ६० सेंटिमीटरचा बॉक्स आणि सहा फुटांवरचा १२० चा बॉक्स, दोन्ही चेहऱ्याला सारखेच मोठे दिसतात, म्हणून सावलीची कडही जवळपास सारखी येते. लाइट बॉक्सच्या कर्णाइतक्या अंतरावर ठेवणं हा सुरुवातीला धरायचा अंदाज.

मग कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाचं हाड. मुंबईच्या दमटपणात इथेच खरी परीक्षा. छोट्या लाइटचं प्रतिबिंब तेलकट त्वचेवर लहान आणि झगझगीत पडतं. मोठ्या लाइटमधून चेहऱ्यावर तेवढाच उजेड पोचत असला तरी तो मोठ्या पृष्ठभागावर वाटलेला असतो, त्यामुळे प्रतिबिंब पसरतं आणि फिकं होतं. घाम तितकाच असतो, डोळ्यात भरत नाही एवढंच. चंदेरी छत्री आणि ब्यूटी डिश याबाबतीत निर्दय आहेत. पण पैठणीची जर किंवा नथीचे मोती उठून दिसायला हवे असतील तर हीच चमक कामाला येते. तेव्हा आपण जास्त कोणाचे फोटो काढतो, हे डोक्यात ठेवून बघा.

नंतर मागची भिंत. तीन फुटांवर लाइट आणि चेहऱ्यामागे तीन फुटांवर भिंत असेल, तर भिंतीपर्यंतचं अंतर दुप्पट झालं आणि तिथे चौथा हिस्सा प्रकाश पोचला, म्हणजे दोन स्टॉप कमी. लाइट सहा फुटांवर नेला की अंतरं सहा आणि नऊ होतात आणि फरक जेमतेम सव्वा स्टॉपाचा उरतो. मोठ्या बॉक्सला जवळून हे गणित तंतोतंत लागू पडत नाही, पण कल हाच. पांढरी भिंत करडी करायची असेल तर लाइट जवळ घ्यायचा, यात एक रुपयाही खर्च नाही.

डोळ्यांतला ठिपका गोल की चौकोनी, यावर लोक तासन् तास वाद घालतात. फोटो बघणाऱ्याला त्याचं फारसं पडलेलं नसतं. चष्मा मात्र बघा. मोठा ऑक्टा काचेत दिसला की चुकवणं अवघड. लाइट वर आणि बाजूला न्या, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला.

तर काय घ्यावं?

आरपार छत्री स्वस्त आणि झटपट उघडणारी, पण तिचा प्रकाश पुढे, मागे, छतावर, सगळीकडे जातो. लहान पांढऱ्या खोलीत तो चहूबाजूंनी परत येतो आणि चेहऱ्याची घडण पुसून जाते. ग्रुप फोटोला, लहान मुलांना हे चालतं. नाटक-मालिकांच्या ऑडिशनसाठी फोटो हवा असलेल्या कलाकाराला चेहऱ्याचा उठाव हवा असतो.

म्हणून माझं मत ग्रिडवाल्या ऑक्टाच्या बाजूनं आहे, आणि खोली दहा बाय बारा असेल तर ९०-९५ सेंटिमीटरच्या. १२० चा ऑक्टा साडेसहा फुटांवर मध्य ठेवून लावला की त्याची वरची कड साडेआठ फुटांवर जाते, म्हणजे थेट पंख्याच्या पात्यांत. ग्रिड लावला की साधारण एक स्टॉप प्रकाश जातो आणि बॉक्स अगदी जवळ असेल तर त्याच्या कडा ग्रिडआड झाकल्या जाऊन सावली थोडी कडक होते. हे दोन्ही तोटे पत्करावेत. भिंतीवर उडणारा प्रकाश थांबला की काळं कापड आणि पांढरा सनबोर्ड लावून सावली हवी तेवढी गडद-फिकट करता येते.

ब्यूटी डिश दोन-अडीच फुटांवर, चांगला मेकअप असेल तेव्हाच. स्ट्रिप बॉक्स, म्हणजे लांब अरुंद सॉफ्टबॉक्स, केसांना उजेडाची कड द्यायला छान, पण तो दुसऱ्या फ्लॅशसोबत घ्यायचा. आणि बजेट अगदीच नसेल तर शूटिंगवाल्यांचा बटर पेपर आहेच: लाकडी चौकटीवर ताणून फ्लॅशपुढे दोन फुटांवर उभा करा. मॉडेलिंग लॅम्प (फ्लॅशमधला सतत जळणारा दिवा) जुना, तापणारा असेल तर तो बंद ठेवा, कागद त्याला टेकू देऊ नका.

लोकलनं ये-जा करणार असाल तर छत्रीसारखा मिटणारा ऑक्टाच घ्या. सुट्या काड्या रिंगमध्ये खोचत बसण्यात क्लायंटसमोर दहा मिनिटं जातात. पावसाळ्यात भिजून आलात तर तो उघडून पंख्याखाली पूर्ण वाळवा, मगच पिशवीत घाला. आतल्या पांढऱ्या कापडावर बुरशीचे डाग पडले किंवा ते पिवळं पडलं, तर तो पिवळेपणा चेहऱ्यावर उतरतो. बाहेरचं कापड सुटं मिळत असेल तर बॉक्स घेतानाच एक जादा घेऊन ठेवा.