तोरतोर शिकवताना या चुका टाळा

व्हिडिओ बघून स्टेप्स बसवायच्या, खांद्यावर उलोस, म्हणजे बटाकांचं हातमागाचं वस्त्र, टाकायचा आणि त्याला तोरतोर म्हणायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. इंडोनेशियाच्या उत्तर सुमात्रातल्या तोबा सरोवराकाठचे तोबा बटाक लोक लग्नात नि अंत्यविधीतही तोरतोर नाचतात, आणि हात कसे धरायचे हे समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं.

त्यामागे 'दालिहान ना तोलू' ही तीन नात्यांची चौकट आहे. ज्या घरातून सून आणली ते हुला-हुला, जिथे लेक दिली ते बोरू, आणि आपल्याच कुळातले भाऊबंद ते दोंगान तुबू. आपली मुलं इथे हमखास गोंधळतात, कारण आपल्याकडे तोरा वरपक्षाचा; बटाकांत मान मुलगी देणाऱ्यांचा. बोरूने हुला-हुलापुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा, त्यांनी बोरूच्या अंगावर उलोस घालून तो द्यायचा.

म्हणून पहिल्या तासाला स्टेप्स नकोतच. वर्गाचे तीन गट करा, नाती वाटून द्या आणि गोंडांग सोम्बा ही वंदनाची धून लावून त्यांना एकमेकांसमोर येऊ द्या. मग भूमिका बदला. मघाशी हात जोडणारी मुलगी आता आशीर्वाद देते, तेव्हा तिचे खांदे, मान, चाल सगळंच बदलतं. प्रत्येक बटाक माणूस एका समारंभात बोरू असतो, दुसऱ्यात हुला-हुला. हे अंगात उतरलं की हातांच्या मुद्रा पाठ करून घ्याव्या लागत नाहीत.

नाच निर्जीव दिसतोय? बहुतेक वेळा हात आधी शिकवलेले असतात. आधी उर्दोत घ्या: गुडघे हलकेच लवतात आणि अख्खं अंग तालावर खाली-वर होतं. बॉलीवूडची सवय असलेली मुलं हात उंच फेकतात. तोरतोरमध्ये हात खांद्याच्या वर जात नाहीत.

एक ते आठ मोजूनही ताल सुटत असेल तर मोजणं थांबवा. तागानिंगचे पाच ढोल सुरात लावलेले असतात, ते धूनही वाजवतात. आवर्तन धरून ठेवतात ते ओगुंग, म्हणजे धातूचे चार गाँग. कान तिकडे हवा. वादकांना आदराने हाक मारून पुढचं गोंडांग, म्हणजे पुढची धून, मागण्याची रीतही शिकवा, ती नाचाचाच भाग आहे.

उत्तर सुमात्रातल्याच कारो लोकांचं लांडेक नृत्य, मांडाइलिंग लोकांचे नऊ गोर्डांग ढोल आणि तोबांचं तोरतोर एकाच कार्यक्रमात 'बटाक डान्स' म्हणून कालवू नका. कित्येक कारो आणि मांडाइलिंग लोक स्वतःला बटाक म्हणवतच नाहीत.

आणि उलोस घेताना नाव विचारा. रंग आवडला म्हणून शोकप्रसंगाशी जोडलेला सिबोलांग हा उलोस लग्नाच्या तोरतोरला मुलांच्या खांद्यावर घालू नका.